घरातला रातकिडा

प्रत्येक घराला स्वतःचा असा एक आवाज असतो. घरच्या माणसांना तो ऐकू येत नाही. पाहुण्याला मात्र पहिल्याच रात्री ऐकू येतो. आमच्या आजोळी तो बंगईच्या कड्यांचा होता. पुढे चंद्रपूरला बिऱ्हाड केले तेव्हा तो स्वयंपाकघरातल्या ट्यूबच्या चोकचा झाला. फ्रिजबरोबर स्टॅबिलायझर आला आणि त्याने आपला घुमारा त्यात मिसळला. उन्हाळ्याचे चार महिने तर आमच्याकडे कूलरच बोलतो आणि बाकीचे सगळे ऐकतात. ज्या गावात पारा ४७ अंशांच्या पुढे जातो, तिथे कूलरला मध्येच गप्प कर म्हणण्याची कुणाची छाती नसते.

यंदा या गोतावळ्यात एका नव्या आवाजाची भर पडली. तो आमच्या चिरंजीवांच्या संगणकातून येतो.

चिरंजीवांचे वय वर्षे अठरा. बारावीची परीक्षा संपल्यावर त्यांनी गेल्या कित्येक वर्षांची ओवाळणी, शिष्यवृत्ती आणि आजीने वेळोवेळी हातावर ठेवलेल्या नोटा एकत्र केल्या, उरलेली रक्कम माझ्याकडून वसूल केली आणि नागपूरहून एक ग्राफिक्स कार्ड आणले. ज्यांच्या घरी अजून ही वस्तू आली नसेल त्यांच्यासाठी सांगतो : पडद्यावरची चित्रे भराभर काढून देणारा हा संगणकाचा एक भाग आहे. नाव कार्ड असले तरी पोस्टकार्डाशी त्याचे काही नाते नाही. विटेएवढे जड, पाठीवर दोन पंखे. मोठा खेळ चालू असताना हे एकटे कार्ड दोनशे वॅट सहज खाते, आणि त्यातली बडी मंडळी साडेचारशे वॅटच्याही पुढे जातात. म्हणजे एखादा मिक्सर तासन्‌तास चालू ठेवल्यासारखेच.

मे महिन्यात कार्ड आले तेव्हा सारे आलबेल होते, कारण कूलर चालू होता. मृगाचा पाऊस पडला, कूलर बंद झाला, घरात शांतता पसरली आणि चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे ओरडतंय."

मी कान लावला. दूर कुठेतरी किटलीत पाणी तापत असावे तसा एक बारीक सूर मला ऐकू आला. सौभाग्यवतींना माझ्याहून थोडा अधिक आला. आईला काहीच आला नाही. चिरंजीव मात्र कपाळाला आठ्या घालून बसले होते. "फळ्यावर खडू ओढल्यासारखं वाटतं," ते म्हणाले. "खेळात यादीचं पान उघडलं की फारच चढतो."

परत देण्याची सात दिवसांची मुदत कूलरच्या घरघरीत निघून गेली होती. तरी आम्ही कार्ड घेऊन दुकानात गेलो. दुकानदार पन्नाशीचा, सज्जन माणूस. त्याने कार्ड आपल्या यंत्रात बसवले, खेळ सुरू केला, कान जवळ नेला आणि हसून म्हणाला, "मला तं काहीच आवाज नाही येऊन राहिला, सर. तुम्हाले येऊन राहिला का?" मी म्हणालो, थोडा येतो. "मंग? पोराले हेडफोन लावाले सांगा अन्‌ आवाज वाढवा. सगळं मिटते."

परतीच्या बसमध्ये चिरंजीव वरोऱ्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पैसे गेल्याचे दुःख असते. पण त्यांचा चेहरा त्या दुःखाचा नव्हता. आपल्याला जे स्वच्छ ऐकू येते ते समोरच्याला मुळीच ऐकू येत नाही, आणि तो हसतो आहे, याचा तो चेहरा होता.

मी मराठीचा प्राध्यापक. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता. पण घरात मूल गप्प झाले की बापाला कुठलाही विषय शिकावा लागतो. पावसाळाभर थोडे वाचले, थोडे आमच्या महाविद्यालयातल्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना छळले. जे समजले ते इथे मांडतो. कुणाच्या तरी घरी उपयोगी पडेल.

कार्डाला वीज मिळते ती १२ व्होल्टची. आतल्या मुख्य चकतीला हवी असते साधारण एक व्होल्टची. म्हणून कार्डावर या चकतीच्या भोवती छोट्या छोट्या तारेच्या गुंडाळ्यांची रांग असते. त्यांच्यातून वीज सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद करून व्होल्ट उतरवले जातात. व्होल्ट उतरले की प्रवाह चढतो. एक व्होल्टने दोनशे वॅट द्यायचे म्हणजे दोनशे अँपियरचा पूर. आता ज्या तारेतून वीज वाहते तिच्याभोवती चुंबकत्व येते, आणि शेजारशेजारचे वेढे एकमेकांना ओढतात. शिवाय गुंडाळीच्या पोटातला चुंबकी गाभा, वीज वाढली-घटली की, अगदी केसाच्याही कितीतरी अंशाने आकार बदलतो. लोखंडाचा हा गुण जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या दशकातच दाखवून दिला होता. वेढे हलले, गाभा हलला, की भोवतालची हवा हलते. हवा हलली की आवाज झाला. वीणेची तार बोलते तशीच ही तार बोलते. फरक एवढाच की तिला कुणी बोलायला सांगितलेले नसते.

आता एक शंका. सेकंदाला काही लाख कंपने माणसाला ऐकूच येत नाहीत. आपला कान ऐकतो तो २० पासून २०,००० पर्यंत. मग हा सूर कुठला? तर तो कामाच्या लयीचा. कार्ड एक चित्र काढते, क्षणभर दम घेते, दुसरे काढते. प्रत्येक चित्राला विजेचा एक घोट. मोठ्या देखाव्याची चित्रे सेकंदाला साठ-सत्तर निघतात. पण खेळातले यादीचे साधे पान असेल, तर मोकाट सुटलेले कार्ड सेकंदाला हजारहजार चित्रे काढत सुटते. पाहणाऱ्याला त्यांचा काडीचा उपयोग नसतो. हे घोट आणि त्यांच्या आतले आणखी लहान घोट आपल्या कानाच्या टापूत येतात, आणि गुंडाळी त्या तालावर गाऊ लागते. यादीच्या पानावर आवाज का चढतो याचे उत्तर हे. काम थोडे आणि घाई फार, अशी माणसेसुद्धा अशाच सुरात बोलतात.

तेव्हा पहिला उपाय पैशाविना होतो. सेकंदाला किती चित्रे काढायची याची मर्यादा घालून द्यावी. पडदा ६० चित्रे दाखवणारा असेल तर ६०, १४४ दाखवणारा असेल तर १४४. त्याहून अधिक काढणे म्हणजे चार पाहुण्यांसाठी चाळीस पोळ्या लाटणे आहे. ही सोय खेळातही असते आणि कार्डाच्या आज्ञावलीतही. दुसरा उपाय, चकतीला दिले जाणारे व्होल्ट जरासे कमी करण्याचा. हे कंपनीच्या किंवा इतर आज्ञावलीतून होते. हळूहळू उतरवावे आणि यंत्र अडखळले तर एक पायरी मागे यावे. यात वीज आणि उष्णताही वाचते, आणि चंद्रपुरात उष्णता वाचवणे ही चैन नव्हे. तिसरा उपाय, तेच कार्ड एखाद्या मित्राच्या यंत्रात लावून पाहण्याचा. वीज पुरवणारी पेटी निराळी असली की सूर कधी कधी बदलतो. तसे झाले तर पेटी बदलण्याचा विचार करता येतो. चौथा, खोक्याची बाजूची झडप नीट लावून ते टेबलावरून खाली जमिनीवर ठेवण्याचा. मात्र हवेच्या जाळ्या झाकू नयेत. आणि कुणी सांगतात तसा त्या गुंडाळ्यांवर गोंद ओतण्याचा उद्योग मुळीच करू नये. मोठ्या ट्रान्स्फॉर्मरच्या वेढ्यांना कारखान्यातच वार्निश पाजतात हे खरे. पण घरच्या कार्डावर तो प्रयोग केला की हमी गेली आणि बहुधा कार्डही.

आवाज पंख्याचा की गुंडाळीचा, हे आधी ओळखावे. पंखा ऊन चढावे तसा हळूहळू चढतो. गुंडाळी मात्र चित्र बदलताक्षणी सूर बदलते. वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाला आणि दुसरे जाळीपाशी धरले तर चोर नेमका सापडतो. आणि हा आवाज म्हणजे कार्ड बिघडल्याची खूण नव्हे. त्याने त्याचे आयुष्य कमी होत नाही. म्हणूनच कंपन्या सहसा तो दोष मानत नाहीत. जळका वास आला, चटचट झाली, पडद्यावर रेघा उमटल्या, तर गोष्ट वेगळी. मग यंत्र बंद करून जाणकाराकडे न्यावे.

हे सारे समजले, तरी दुकानात जे घडले त्याचा उलगडा होत नव्हता. तो माणूस खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखरच ऐकू येत नव्हते. याचे उत्तर मला माझ्याच लहानपणात सापडले.

वाचकांपैकी जे माझ्या वयाचे आहेत त्यांना आठवत असेल, जुन्या काचेच्या टीव्हीला एक अतिबारीक सूर असे. १९८७-८८ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागायचे तेव्हा आम्ही मुले गल्लीच्या टोकाला असलो तरी कुणाकडचा टीव्ही सुरू झाला हे चित्राआधी, गाण्याआधी सांगत असू. मोठी माणसे म्हणत, कार्टी चतुर आहेत. चतुराई काही नव्हती. आपल्याकडच्या त्या टीव्हीत एका चित्राच्या ६२५ रेघा असत आणि सेकंदाला २५ चित्रे. गुणाकार करा : १५,६२५. आतला ट्रान्स्फॉर्मर सेकंदाला इतक्या वेळा थरथरे आणि ते आम्हाला ऐकू येई. वडिलांना येत नसे. आज तसा टीव्ही कुणी माझ्यासमोर लावला तर मलाही येणार नाही.

आपल्या कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते आणि तिच्यात सूक्ष्म केसांच्या पेशी. उंच सुरांच्या पेशी अगदी दाराशी, खर्जाच्या आत खोल. वय वाढते तशा दाराशी असलेल्या पेशी आधी झिजतात, आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. म्हणजे म्हातारपण कानात शिरते ते वरच्या सुरांच्या दाराने, आणि ते चाळिशीच्या पुष्कळ आधी शिरलेले असते. वेल्समधल्या हॉवर्ड स्टॅपलटन या गृहस्थाने २००५ साली याचा व्यवहारी उपयोगच करून दाखवला. दुकानासमोर घोळका करणाऱ्या तरुण पोरांना पिटाळण्यासाठी त्याने सेकंदाला सुमारे १७,४०० कंपनांचा सूर सोडणारे एक यंत्र काढले. पोरे कान धरून पळत. सामान घ्यायला आलेल्या काकूंना पत्ताही लागत नसे. पुढच्या वर्षी त्याला त्याबद्दल गमतीचे नोबेलही मिळाले.

चिरंजीवांनी मग फोनवर सुरांचा आलेख काढणारे एक साधन घेतले आणि फोन यंत्राजवळ धरला. पडद्यावर दोन सुळके उभे राहिले. एक आठ हजारांपाशी. तो माझा किटलीचा सूर. दुसरा चौदा हजारांच्या बराच पुढे आणि पहिल्याहून उंच. तिथे माझ्या कानांना निव्वळ शांतता होती. जे ऐकू येत नव्हते ते मी डोळ्यांनी पाहिले. एकाच खोलीत, एकाच यंत्रासमोर तिघे जण बसले होते : आईला शून्य, मला अर्धे, मुलाला पुरे. आणि तिघेही खरेच सांगत होते.

मला राहून राहून ताडोबाची आठवण येते. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले हे जंगल आमच्या उंबरठ्यावर आहे. मोहर्लीच्या फाटकातून गाडी आत गेली की शहरातली माणसे बडबडत असतात. एकाएकी वाटाड्या हात वर करतो. गाडी थांबते. "चितळ ओरडलं," तो हळूच म्हणतो. कुणालाच काही ऐकू आलेले नसते. तरी गाडीतले डॉक्टर, वकील, मुंबईचे पाहुणे सारे श्वास रोखून त्याच दिशेला पाहू लागतात. त्या वाटाड्याच्या कानावर विश्वास ठेवायला कुणी पुरावा मागत नाही, फोनवर आलेख काढायला सांगत नाही. कारण त्या ऐकण्याच्या टोकाला वाघ दिसण्याची आशा असते. घरातले पोर मात्र "मला त्रास होतो" म्हणाले की आपण पहिले वाक्य बोलतो ते "मला तर काही होत नाही" हे. पोराच्या ऐकण्याच्या टोकाला आपल्याला काही मिळायचे नसते, एवढाच काय तो फरक.

गडचिरोलीकडून शिकायला आलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याला मी ही हकिकत सांगितली. तो भामरागडच्या पलीकडचा. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की त्याचा घराशी संबंध तुटतो. तो म्हणाला, "सर, इथं वसतिगृहात मला पहिले चार महिने झोप नव्हती. खिडकीखाली डीपी आहे ना, तो रात्रभर गुणगुणते. पोरं म्हणत, कुठं गुणगुणते? आता मलाही नाही येत ऐकू." आणि थोडे थांबून म्हणाला, "गावी गेलो की आधी एक-दोन दिवस काहीच ऐकू येत नाही सर. मग रातकिडे येतात."

त्याच्या डीपीचे, म्हणजे रस्त्यावरच्या ट्रान्स्फॉर्मरचे, गाणे याच घराण्यातले आहे. आपली वीज सेकंदाला ५० फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात लोखंडी गाभा दोनदा ताणतो. म्हणून त्याचा सूर १००चा, अगदी खर्जातला. चंद्रपूरच्या माणसाला हा खर्ज जन्माचा सोबती आहे. इथल्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला, आणि आज त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. इथून पाच लाख व्होल्टची एक वाहिनी निघते ती ७५२ किलोमीटर जाऊन ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला थांबते. मुंबईतल्या एखाद्या पोराच्या खेळात जो उजेड पडतो त्यात थोडा आमचा कोळसा असतो. उजेड तिकडे जातो. राख आणि गुणगुण इकडे राहते. इथली माणसे त्याविषयी तक्रार करतात तेव्हा दूरच्या कचेरीत बसलेला माणूसही बहुधा त्या दुकानदारासारखाच प्रामाणिकपणे म्हणत असेल, मला तर काही ऐकू येत नाही.

बरे, गुणगुण म्हणजे वाईटच असेही नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर दिवस दिवस कानस फिरवतात, तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात, आणि तार झणझणू लागली की म्हणतात, आता जवारी लागली. तो झणकार नसेल तर गवई तंबोरा हातात घेणार नाही. एकीकडे झणझण यावी म्हणून जन्म घालवणारे लोक, दुसरीकडे ती जावी म्हणून मुदत मोजणारे आम्ही. ऐकणाऱ्याने मागितलेला आवाज म्हणजे सूर आणि न मागता गळ्यात पडलेला म्हणजे गोंगाट. पदार्थविज्ञानाला दोन्ही सारखेच.

दुकानदाराने सांगितलेला हेडफोनचा उपाय आम्ही केला नाही, त्याचे कारणही सांगून ठेवतो. छोटा आवाज झाकायला मोठा आवाज लावायचा, म्हणजे ज्या पेशींना तो बारीक सूर ऐकू येतो त्यांनाच मारायचे. त्रास जातो खरा. पण ऐकणाराच जातो म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास एवढीच मर्यादा सांगितली आहे, आणि मुलांसाठी त्याहूनही कमी. दिवाळीत कानाशी फुटलेला एक सुतळी बॉम्ब या सगळ्या हिशेबाच्या पलीकडचा असतो. फटाक्यांच्या माळेपासून मुलांना दूर ओढताना आपण हात भाजेल म्हणतो. कानाचे नाव काढत नाही, कारण कान भाजलेला दिसत नाही.

आमच्याकडे पुढे काय झाले? चित्रांवर ६०ची मर्यादा आली, व्होल्ट दोन पायऱ्या उतरले, खोके टेबलावरून खाली सतरंजीशेजारी गेले. चिरंजीवांच्या हिशेबाने आवाज बारा आण्यांनी कमी झाला. उरलेले चार आणे ते चालवून घेतात. फोनवरचा उंच सुळकाही बसका झाला आहे. पण त्यांचा चेहरा सैल झाला तो यातल्या कुठल्याच दिवशी नव्हे. तो झाला त्याच्या आधी, एका अगदी साध्या गोष्टीने.

माझ्या आईला शहात्तरावे वर्ष चालू आहे. तिला कुकरची तिसरी शिटीही नीट ऐकू येत नाही. नागपूरहून आम्ही परतलो त्या रात्री ती नातवाच्या खोलीत गेली, यंत्राशेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "कसा आहे रे तो आवाज? मला करून दाखव." अठरा वर्षांच्या मुलाने दात आवळून, ओठ ताणून तो सूर काढून दाखवला. तिला तोही ऐकू आला नसणार. पण ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अगबाई, फारच वाईट की रे. एवढा आवाज चालू असताना तू झोपतोस कसा?"

अजूनही ती रोज रात्री दिवा मालवण्यापूर्वी त्याच्या दाराशी थांबते आणि विचारते, "आज कितपत आहे?" तो सांगतो, "थोडाच आहे, आजी." मग ती झोपायला जाते.